शिवणीतली माया

श्रोतेहो, माणसाची काही व्यसने लपतात, काही लपत नाहीत. मला दोन व्यसने आहेत. एक पायी भटकण्याचे आणि दुसरे, भटकता भटकता पुरुषांचे चांगले कपडे स्वस्तात पटकावण्याचे. पहिल्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याविषयी घरात तक्रार नाही. दुसऱ्याविषयी आमच्या सौभाग्यवतींचे मत वेगळे आहे. कपाटाचे दार उघडले की त्या म्हणतात, "स्वस्त स्वस्त म्हणून आणलेल्या या शर्टांच्या पैशांत एव्हाना एक दुकान आलं असतं." यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. आज या व्यसनाचीच कैफियत आपल्यापुढे मांडायची आहे.

बाजारात खरेदीला जाणारा माणूस वेगळा आणि बाजारातून फिरायला जाणारा वेगळा. पहिल्याच्या खिशात यादी असते आणि चेहऱ्यावर घाई असते. दुकानदार त्याला शंभर पावलांवरून ओळखतो. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण आपल्याला शाळेत कळते, दुकानदाराला ती जन्मतःच कळलेली असते. म्हणून माझा पहिला नियम असा की, शर्ट हवा असेल त्या दिवशी शर्ट घ्यायला जाऊ नये. नको असेल त्या दिवशी जावे. हात पाठीमागे बांधावेत, चाल सावकाश असावी आणि नजर वस्तूंपेक्षा माणसांवर अधिक असावी. चांगली वस्तू अशा माणसाला आपणहून हाक मारते.

माझी वाट ठरलेली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे आणि आझाद मैदानाच्या कडेने महात्मा गांधी मार्गावर यायचे. बॉम्बे जिमखान्याच्या समोर पदपथावर कपड्यांच्या टपऱ्यांची लांबलचक रांग आहे. तिला सगळी मुंबई फॅशन स्ट्रीट म्हणते. शर्ट, टी-शर्ट, जीनच्या विजारी, जाकिटे अशी लटकलेली असतात की, एखाद्या मोठ्या वाड्यात धोब्याने सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे एकदम वाळत घातले आहेत असे वाटावे. परदेशी पाठवायच्या मालातून उरलेले किंवा तपासणीत नापास झालेले कपडे इथे येतात, अशी या जागेची ख्याती. त्याची खूण म्हणजे मानेमागची चिठ्ठी. ती अर्धी कापलेली असते किंवा तिच्यावर शाईची रेघ मारलेली असते. आता मात्र सांभाळा. यातला पुष्कळसा माल परदेशी जायला कधी निघालेलाच नसतो. तो इथेच शिवला जातो, इथेच त्याची चिठ्ठी कापली जाते आणि इथेच तो 'परदेशातून परत आलेला' ठरतो. माणसांतही असा प्रकार आढळतो, पण तो आजचा विषय नव्हे.

मग खरा ओळखायचा कसा? तर कपडा उलटा करून पाहायचा. सरळ बाजू सगळ्यांनाच दाखवायची असते, खरे काय ते उलट बाजू सांगते. शिवण एका रेषेत आहे का? एका इंचात टाके किती? चौकड्याचा शर्ट असेल, तर खिशावरचे चौकडे अंगाच्या चौकड्यांशी जुळतात का? काज नीट भरलेले आहे की धागे पिंजारले आहेत? खिसा जुळवून लावायला कापड जास्त लागते आणि कारागिराचा वेळही जातो. घाईत काम उरकणारा पहिली चोरी तिथे करतो. एवढे पाहूनही शर्ट चांगला ठरला, तर तो नापास का झाला हे शोधायचे. कुठेतरी एक धागा सुटलेला असतो, एखादे बटण निराळे असते, नाहीतर एका बाहीचा रंग किंचित फिका असतो. तो दोष सापडला की जीव भांड्यात पडतो. दोष सापडला नाही, तर मी तो शर्ट घेत नाही. न सापडलेला दोष पहिल्या धुण्यात सापडतो.

यानंतर घासाघीस. तो आठशे म्हणतो. आपण हसायचे. रागवायचे नाही, नुसते हसायचे. मग तो विचारतो, "बोलो साब, क्या देगा?" आपण अडीचशे म्हणायचे आणि मैदानाकडे पाहू लागायचे. तो दुखावल्यासारखा चेहरा करतो आणि आपण चालू लागतो. सातव्या की आठव्या पावलाला पाठीमागून हाक येते. नाही आली, तर आपला हिशेब चुकला असे समजावे आणि मुकाट पुढे जावे. परत फिरून त्याच भावात घ्यायला जी हिंमत लागते, ती माझ्या अंगी आजवर आलेली नाही. सकाळी भवानीच्या वेळी गेलात, तर पहिले गिऱ्हाईक परत पाठवायला दुकानदाराचे मन होत नाही. पण त्याच्या या श्रद्धेचा फार फायदा घेऊ नये. त्यालाही पोट आहे.

तिथून मेट्रो सिनेमाला वळसा घालून लोकमान्य टिळक मार्गाने मी क्रॉफर्ड मार्केटपर्यंत येतो. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने १८६९ साली उभे राहिलेले हे मार्केट आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. त्याच्या दारावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंगची आहेत. समोरच्या अंगाला शिरले की मंगळदास मार्केट. छपराखालच्या अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना ठाणांचे ढीग आणि गादीवर मांडी घालून बसलेले व्यापारी. पलीकडे शेख मेमन स्ट्रीटवर मूळजी जेठा मार्केट. इथे तयार कपडा नाही, कापड मिळते. आणि कापडात खरा फायदा पन्हा समजणाऱ्यालाच होतो.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. छत्तीस इंची पन्ह्याचे कापड असेल, तर पुऱ्या बाह्यांच्या शर्टाला अडीच मीटर लागते. अठ्ठावन्न इंची असेल, तर एक मीटर साठ सेंटिमीटर पुरते. मीटरमागे दोनशेचे कापड तीनशेच्या कापडाहून स्वस्त, असे जो समजतो तो पन्हा न पाहता हिशेब करतो. दोनशेने अडीच मीटर म्हणजे पाचशे झाले. तीनशेने एक मीटर साठ म्हणजे चारशे ऐंशी. महाग कापड वीस रुपयांनी स्वस्त पडले! आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी मीटर घेतानाही 'वार' म्हणत. वार म्हणजे छत्तीस इंच, मीटर त्याहून सव्वातीन इंचांपेक्षा थोडा जास्त. दुकानदाराने मीटर मोजून दिला आणि आपण वाराच्या हिशेबाने घेतला, तर उरलेल्या तुकड्यात धाकट्याची टोपी होई.

ही विद्या मला पुस्तकात मिळाली नाही. मी गिरणगावातला. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. आजोबा पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. आजोबा आले तोवर लालबाग-परळचे आभाळ चिमण्यांनी भरून गेले होते. त्या काळी कापडात दोष राहिला, तर तो ताका विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचा आणि किंमत पगारातून कापायची, अशी गिरण्यांतून रीत होती. १९३६ च्या वेतन कायद्याने अशा कपातीला काही वेसण घातली. आजी सांगायची, आजोबांच्या हातून एकदा ताणा तुटला, तो वेळेवर ध्यानात आला नाही आणि अख्खा ताका घरी आला. पुढे दोन वर्षे सारे घर एकाच कापडात वावरत होते. आजोबांचा सदरा त्याचा, आत्याचे परकर-पोलके त्याचे, उशांचे अभ्रेही त्याचेच. चाळीतली पोरे आमच्या घराला 'एकरंगी बिऱ्हाड' म्हणत.

श्रोतेहो, मी टपरीवर उभा राहून 'दोष कुठे आहे' म्हणून शर्ट उलटापालटा करतो, तेव्हा हा ताका मला आठवतो. तो दोष सापडला की मला आनंद होतो, कारण त्याने भाव उतरतो. पण प्रत्येक दोष कोणाच्या तरी हातून झालेला असतो आणि कुठेतरी त्याची किंमत आधीच कोणीतरी भरलेली असते. एवढ्यासाठी स्वस्त घेऊच नये, असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्याने तसे म्हणणे म्हणजे ढोंग होईल. पण शेवटच्या दहा रुपयांसाठी अडून बसायचे मी अलीकडे सोडले आहे.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, तेही साचेवालेच. त्यांची बोटे हा एक चमत्कार होता. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कापड धरायचे, एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचे आणि सांगायचे, "सूत बारीक आहे, पण खळ फार आहे. दोन धुण्यांत चाळण होईल." त्यांचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. आज त्याच परिसरात, फिनिक्स गिरणीच्या आवारात, मोठा मॉल आहे. काचेमागे तयार शर्ट टांगलेले असतात. मी तिथेही फिरायला जातो आणि दादांसारखी दोन बोटांत बाही धरून पाहतो. मग एखादी पोरगी नम्रपणे विचारते, "सर, कोणती साइज दाखवू?" तिला काय सांगावे ते कळत नाही.

पण माझी रपेट मॉलमध्ये संपत नाही. ती संपते चोरबाजारात. झवेरी बाजार, मुंबादेवी, मग पायधुनी. एके काळी खाडीचे पाणी ओलांडून येणारे लोक इथे पाय धूत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. माझ्या पायांना तोवर तशी गरज वाटू लागलेली असते. पुढे भेंडीबाजार आणि मटन स्ट्रीट. जुनी घड्याळे, ग्रामोफोन, झुंबरे, सिनेमाची जुनी पोस्टरे यांसाठी लोक तिथे जातात. शुक्रवारी रस्त्यावरही माल मांडलेला असतो आणि त्यात जुने कपडे असतात.

हे जुने कपडे येतात कुठून? आपल्याच घरातून. बोहारीण आपल्या दारी येते. डोक्यावर भांड्यांची पाटी असते, खांद्यावर गाठोडे. आपण एक जरीची साडी आणि दोन विजारी देतो, पातेल्यासाठी हुज्जत घालतो आणि शेवटी चहाच्या गाळणीवर तडजोड होते. मग ते कपडे निवडले जातात, धुतले जातात, रफू होतात, इस्त्री होतात आणि कोणाच्या तरी अंगावर पुन्हा नवे होतात. अगदीच गेलेल्यांच्या चिंध्या होऊन कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात. या साखळीत काही फुकट जात नाही. काटकसरीचे धडे आपण पोरांना देतो, पण ती खरी पाहायची असेल तर या बाजारात पाहावी.

जुना कोट घेताना काय पाहायचे, ते थोडक्यात सांगतो. पहिले, खांदे. लांबी, कंबर, बाही हे सारे शिंप्याला कमीजास्त करता येते, पण खांदा बसला नाही तर कोट तिथेच ठेवावा. दुसरे, कसर. लोकरीला कसर लागते, म्हणून कोट उजेडाविरुद्ध धरावा. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर सोडून द्यावा. काटकसर करणाऱ्याने आधी कसर पाहावी. तिसरे, छातीचा भाग चिमटीत धरावा. आत तिसरा थर सुटा, सरकता लागला तर कॅनव्हास हाताने टाचलेला आहे, तो कोट वर्षानुवर्षे टिकेल. सगळे एकजीव, पुठ्ठ्यासारखे लागले तर अस्तर चिकटवलेले आहे. कालांतराने त्याला फुगे येतात. चौथे, आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढून, दुकानदाराच्या परवानगीने आणि टपरीपासून लांब जाऊन, काडीने पेटवून पाहावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. टेरिलीन वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. आणि पाचवे, सगळ्यांत महत्त्वाचे, माया.

आपल्या आयाबहिणींना हा शब्द सांगायला नको. शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतो, त्याला माया म्हणतात. मूल वाढेल, माणूस जाड होईल, कपडा मोठ्याकडून धाकट्याकडे जाईल, म्हणून ती ठेवायची. वरून ती दिसत नाही. कापड महाग असताना ती ठेवणे शिंप्याच्या जिवावर येते. पण जो शिंपी माया ठेवत नाही, त्याच्याकडे शहाणे गिऱ्हाईक पुन्हा जात नाही. हा शब्द इथे कसा आला हे मी कधी शोधत बसलो नाही. तो इथे आहे, एवढे मला पुरेसे वाटते.

दादांकडे एकच कोट होता. माझ्या मोठ्या बहिणीच्या बारशाआधी त्यांनी लोकरीच्या कापडाचा एक तुकडा स्वस्तात मिळवला. तपकिरी रंग, त्यात फिकट चौकडा. चाळीतल्याच टेलरमास्तरांनी तो शिवला. त्या कोटाने आमच्या मजल्यावरची निदान दहा लग्ने लावली असतील, कारण ज्याला गरज पडे तो मागून नेई. आतल्या खिशात दादा चुन्याची डबी ठेवीत. तिच्या कडेने अस्तर फाटले. आईने ते शिवले, पण घरात त्या वेळी दुसरा दोरा नव्हता, म्हणून लाल दोऱ्याने शिवले. तपकिरी कोटाच्या आत लाल रेघ! दादा म्हणाले, "आत कोण बघतंय?"

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर असा कधी मागे घेतला गेलाच नाही. त्या वर्षी मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. आधी आईची बोरमाळ गेली, मग तांब्यापितळेची भांडी गेली. पावसाळा सरता सरता माझ्या परीक्षेची फी भरायची वेळ आली. एके दिवशी दादा सकाळी कोट हातावर टाकून बाहेर पडले. मी विचारले, "दादा, लग्न कुणाचं?" ते काही बोलले नाहीत. दुपारी परत आले तेव्हा हात मोकळा होता. त्यांनी माझ्यापुढे पैसे ठेवले आणि म्हणाले, "उद्या भर. शेवटच्या दिवशी गर्दी असते."

पुढे मी पदवीधर झालो, एका कचेरीत कारकून लागलो. १९८५ साली दिवाळीत साठवलेल्या पैशांतून मी दादांसाठी तयार कोट आणला. नव्या दुकानातला, खोक्यात घालून दिलेला. दादांनी तो घेतला, दोन बोटांत धरला. मग आतली बाजू उलटी करून शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे. माया नाही मात्र."

श्रोतेहो, त्या वाक्याने मी किती दिवस खट्टू होतो, ते काय सांगू! मी माझ्या परीने त्याचा भलताच अर्थ लावला. पुष्कळ वर्षांनी, दादा गेल्यानंतर, आईपाशी मी ती गोष्ट काढली. ती हसली. म्हणाली, "अरे, ते शिवणीचंच बोलत होते. रात्री मला म्हणाले, पोराने एवढा खर्च केला, पण पुढे याला जाड झाल्यावर हा कोट बसायचा नाही. सोडवायला आत कापडच नाही." तो कोट आपण मला परत वापरायला द्यायचा, हा त्यांचा हिशेब होता.

तेव्हापासून मी जुन्या बाजारात जातो. आणि आता खरे सांगून टाकतो. मी स्वस्त कपड्यांसाठी फिरतो, हे अर्धेच खरे आहे. जुन्या कपड्यांच्या ढिगात तपकिरी कोट दिसला की मी तो उचलतो, खांदे पाहतो, कसर पाहतो आणि शेवटी आतल्या खिशात बोट घालतो. लाल दोरा आहे का, ते पाहतो. चाळीसहून अधिक वर्षे झाली. तो कोट आता कुठे चिंध्यांतही उरलेला नसेल, हे मला कळते. पण बोट खिशात जायचे राहत नाही.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांना एका मोठ्या कंपनीतल्या मुलाखतीसाठी कोट हवा होता. ते मोबाइलवर रात्री बारा वाजता सुरू होणाऱ्या सेलची वाट पाहत बसले होते. मी म्हटले, "एक दिवस माझ्याबरोबर चल. नाही जमलं, तर मग तुझा सेल आहेच." तो आला. फॅशन स्ट्रीटवर त्याला गंमत वाटली, मंगळदास मार्केटात तो कंटाळला आणि पायधुनीपर्यंत त्याचे नवे बूट त्याला चावू लागले. "बाबा, तुम्ही हे दर आठवड्याला करता?" असे त्याने दोनदा विचारले.

मटन स्ट्रीटच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याने कपडे मांडले होते. त्यात एक काळसर निळा कोट होता. खांदे मुलाच्या अंगावर असे बसले की जणू मापच दिले होते. कंबर मात्र सैल होती, कोटाचा मूळ मालक खात्यापित्या घरचा असावा. कसर नव्हती. छातीला तिसरा थर सुटा लागत होता. आतली शिवण उलटी करून पाहिली, तर चांगली दीड इंच माया होती. म्हाताऱ्याने हजार सांगितले, सातशेवर सौदा झाला. मी पैसे काढणार, तोच मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही मघापासून प्रत्येक कोटाच्या खिशात काय शोधताय?"

मी त्याला कधी सांगितले नव्हते. संप झाला हे त्याला ठाऊक होते, आजोबा गिरणीत होते हेही ठाऊक होते, पण कोटाची गोष्ट ठाऊक नव्हती. तिथेच एका बाकड्यावर चहा घेता घेता मी ती सांगितली. तो काही बोलला नाही. चहा निवाला, तरी पेला तसाच हातात होता. उठताना त्याने कोट पिशवीत न घालता हातावर टाकून घेतला.

लालबागला परत येऊन आम्ही ओळखीच्या टेलरमास्तरांकडे गेलो. त्यांनी कोट उलगडला, आतून-बाहेरून पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. "जुना कारागीर आहे," ते म्हणाले, "अशी शिलाई आता कोण करतो?" कंबर आत घेण्याचे आणि अस्तर नीट करण्याचे त्यांनी नऊशे रुपये सांगितले. म्हणजे सातशेच्या कोटाला नऊशेची दुरुस्ती! सौभाग्यवतींना हा आकडा मी अजून सांगितलेला नाही. आज रेडिओवर ऐकतील, त्याला इलाज नाही.

मास्तरांनी खडूने खुणा केल्या. मग विचारले, "कंबर आत घेतली की आत पुष्कळ कापड जमतंय. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. जास्तीचं कापून टाकू? कोट हलका होईल, आतून साफ दिसेल."

मी उत्तर द्यायच्या आत मुलगा म्हणाला, "नको मास्तर. राहू दे. पुढे कुणाला तरी लागेल."

नोकरी त्याला मिळाली. कोटामुळे मिळाली असे मी म्हणणार नाही, तसे म्हटले तर तो रागावेल. पण परवा शनिवारी मी फिरायला निघालो, तेव्हा तो दारात बूट घालत उभा होता. या वेळी बूट जुने होते.